आधी आवाज, मग भूत

श्रोतेहो, नमस्कार.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्या काळच्या नाटकांतल्या राक्षसांची आठवण फारशी कुणी काढत नाही. राक्षस दिसायच्या आधी त्याची 'अलल डुर्र' अशी आरोळी ऐकू यायची. मग जळत्या मशालीवर राळेची पूड उधळायची, भपकन जाळ उठायचा आणि त्या जाळात स्वारी प्रकटायची. राळेचा खडा नुसता धुमसत राहतो. त्याचीच वस्त्रगाळ पूड केली की कणाकणाला हवा मिळते आणि सगळी एकदम पेटते. जाळ विझला की डोळे दिपलेले असतात, त्यामुळे पुढचे दोन-तीन क्षण अंधार आधीपेक्षा दाट वाटतो. राक्षसाला तेवढे क्षण पुरतात.

आज ज्या भयपटांबद्दल बोलायचं आहे, ते याच घराण्यातले. गाठीला पैसा थोडा, पण माणूस नेमका कशाला घाबरतो याची जाण पक्की. त्यांच्यावर 'बी ग्रेड' असा शिक्का मारून समीक्षक मोकळे झाले, आणि ते करणाऱ्या कारागिरांची कारागिरी बघायचीच राहून गेली.

आपल्या शेजारच्या महाबळेश्वरापासून सुरुवात करू. १९७० साली रामसे कुटुंबाचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा पडला. मात्र त्यात चोरीचा एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून येतात आणि प्रेक्षक दचकतात. तुलसी आणि श्याम या भावांनी ते अचूक हेरलं आणि पुढचा सिनेमा निव्वळ भीतीचा करायचा ठरवलं. तो १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे'. मंडळी महाबळेश्वरला आली, सरकारी विश्रामगृहात उतरली आणि चाळीसेक दिवसांत काम उरकून गेली. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. सात भावांनी कामं वाटून घेतलेली: लेखन कुमारचं, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा, संकलन अर्जुनचं, निर्मितीचा व्याप केशूकडे, दिग्दर्शन तुलसी-श्यामचं. घरातल्या बायका सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या.

महाबळेश्वरचं धुकं फुकट मिळतं, पण ते लहरी असतं. एका शॉटमध्ये दाट, पुढच्यात गायब, आणि मग दोन्ही शॉट एकमेकांना जुळता जुळत नाहीत. म्हणून यंत्राचा धूर लागतो. ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण तापवून केलेला धूर खोलीभर पसरतो, हळूहळू वर चढतो. जमिनीलगत सरपटणारं, कबरीभोवती रेंगाळणारं धुकं हवं असेल तर कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या जवळपास. गरम पाण्यात टाकला की पांढरे लोट निघतात आणि थंड, जड असल्यामुळे खालीच राहतात. मात्र त्यातून तोच वायू सुटतो. बंद खोलीत, विशेषतः तळघरात, तो माणसाचा जीव घेऊ शकतो. आणि दिवा नेहमी धुराच्या मागे ठेवायचा. समोरून मारला तर धुराची सपाट पांढरी भिंत दिसते, मागून मारला तर प्रत्येक वलय उठून येतं. पावसाचंही तेच. मागून प्रकाश नसेल तर धो-धो पाऊससुद्धा पडद्यावर दिसत नाही.

रामसेंचा १९८४ चा 'पुराना मंदिर' बघताना हे सगळं सापडेल. त्यातला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे इंजिनीअर. उंच देह, खोल डोळे. रंगभूषेचं निम्मं काम निसर्गानंच केलेलं. त्या सिनेमातला जगदीपचा विनोदी भाग मात्र लांबलेला आहे, भीतीचा ताण तोडतो, हे मान्यच करावं लागेल.

आता रक्त. कृष्णधवल सिनेमात साधा चॉकलेट सिरप चालतो; हिचकॉकच्या 'सायको'मध्ये तोच वापरला होता. रंगीत सिनेमात नुसता लाल रंग घातला की रक्ताचं गुलाबी सरबत होतं. एक वाटी साखरेचा घट्ट पाक, चमचाभर खाण्याचा लाल रंग, निळ्याचे दोनच थेंब आणि अपारदर्शक दिसावं म्हणून अर्धा चमचा कोको पावडर. आपल्याकडे पाकाऐवजी पातळ केलेली काकवी घेता येते. ती मुळातच तपकिरी असते, म्हणून कोको वगळायचा. मुंग्या लागणारच. डागही निघत नाहीत, तेव्हा एकाच मापाचे, एकाच रंगाचे निदान तीन सदरे आधीच शिवून ठेवावेत.

काकवीवरून उसाकडे येऊ. २०१७ चा विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी सिनेमा सांगली-साताऱ्याच्या माणसाला इतर कुणाहूनही जास्त भिववेल. उंच उसात शिरलेल्याला चार पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि पाचट सतत सळसळत असतं. ही सळसळ वाऱ्याची की कुणाच्या चालण्याची, ते कान सांगू शकत नाहीत. भर दुपारीसुद्धा. फडात शूटिंग करणं सोपं नसतं. पाल्याच्या आवाजात संवाद बुडतात, म्हणून ते मागाहून डब करावे लागतात. एकदा माणसं धावली की ऊस आडवा होतो, वाट पडते आणि त्याच जागी दुसरा टेक घेता येत नाही. या सिनेमावरून हिंदीत 'छोरी' निघाला, तेव्हा कुठे बाहेरच्यांना मूळ सिनेमाचा पत्ता लागला. 'तुंबाड'चंही असंच. नारायण धारपांच्या कथेतून उगवलेला हा सिनेमा २०१८ मध्ये जेमतेम चालला, आणि २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात आल्यावर त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.

परदेशातले तीन सिनेमे जरूर बघा. १९६२ चा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' हा हर्क हार्वे यांचा. एरवी ते औद्योगिक माहितीपट करायचे. जवळजवळ सगळी भीती एका ऑर्गनच्या सुरांवर उभी आहे. १९६८ चा रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. ऐनवेळी नाव बदलताना वितरकांकडून नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली, त्यामुळे तो सर्वांना खुला झाला. त्याची रंगवलेली प्रत टाळा. प्रकाशयोजना काळ्या-पांढऱ्यासाठीच केलेली आहे. आणि १९४२ चा 'कॅट पीपल', निर्माते व्हॅल ल्यूटन. राक्षसाच्या वेषाला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी भीती सावलीत आणि आवाजात ठेवली.

बघताना टीव्हीचं चित्र ताणलेलं नसावं. या तिन्ही सिनेमांची चौकट जवळपास चारास तीन आहे. 'मोशन स्मूथिंग', म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, बंद करा. मोबाइलच्या स्पीकरवर तर बघूच नका. त्यातून खालच्या पट्टीतला आवाज येतच नाही आणि भीती बरीचशी तिथंच असते. साधा वायरचा इअरफोनही पुरेल.

'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्यानं चालते. तिच्या आणि मागून येणाऱ्या कुणाच्या तरी टाचांचे असे दोन आवाज येत असतात, पुढे एकच उरतो. हा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. ती थांबते, ऐकते, आणि अचानक कानाशी फुस्स होतं. एसटी स्टँडवर रोज ऐकतो तसा, बसच्या ब्रेकचा आवाज. पाठ फिरवून बसलेले असलात तरी दचकाल.

नमस्कार.