भाजणीचा भाव

(पलूस तालुक्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मला बोलावताना सांगितलं होतं, "ताई, छोटा व्यवसाय सुरू करायच्या पायऱ्या सांगा." सांगते. पण या पायऱ्या मी चढले त्या उलट्यासुलट्याच. आधी पिशव्या छापून घेतल्या, मग गिऱ्हाईक शोधलं, आणि हिशोब मांडला तो तब्बल चौदा महिन्यांनी. तुमचे चौदा महिने वाचावेत म्हणून मी आज हिशोबापासूनच सुरुवात करणार आहे. परवाने, नोंदणी, कर्ज नंतर बघू, ते अवघड नाही.

मी चकलीची भाजणी विकते. सुरुवातीला किलोला १४० रुपये भाव लावला होता. तो कसा काढला? दहा किलो धान्य घेतलं की धने-जिऱ्यासकट ८४० रुपये, म्हणजे किलोला ८४. दळणाचे किलोला १०. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या, लेबल धरून १०. झाले १०४. वर ३६ रुपये सुटतात म्हणून मी खूश. महिन्याला पन्नास-साठ किलो जायची. पण महिनाअखेर डबा उघडला की पैसे नाहीत! मला वाटायचं, घरातलंच कोणीतरी हात घालतंय. नवऱ्यावर संशय घेतला, हेही आता सांगून टाकते.

शेवटी एका रविवारी वही घेऊन बसले. पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे दहा किलो धान्याची दहा किलो भाजणी होतच नाही. निवडताना खडे-कोंडा जातो, भाजताना वजन उतरतं, गिरणीत थोडं राहतं. हातात यायची नऊ किलो. मी भाव काढत होते दहावर, विकत होते नऊ. दुसरी गोष्ट, गॅस. 'घरचाच तर आहे' म्हणून तो धरलाच नव्हता. मापून बघितला तर एका घाण्याला, म्हणजे दहा किलो धान्याला, ७० रुपयांचा जात होता. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मी स्वतः. निवडणं, धुणं, वाळवणं, भाजणं, पिशव्या भरणं मिळून सहा तास. तासाला साठ रुपये मजुरी धरली, आपल्याकडे शेतातही त्याच्या आसपास मिळते, तर ३६० झाले.

आता बेरीज करा. माल ८४०, दळण १००, गॅस ७०, नऊ किलोच्या अठरा पिशव्यांचे ९० आणि मजुरी ३६०. एकूण १४६०. भागिले नऊ. किलोला १६२ रुपये पडले. आणि मी विकत होते १४० ला! दर किलोमागे २२ रुपये मी लोकांना देत होते, वर 'ताईंची भाजणी काय छान' हे ऐकून खूश होत होते.

आपल्या बायकांची खोड हीच आहे. आपण स्वतःची मजुरी धरत नाही. स्वयंपाक घरचा, हात घरचे, मग त्याचा भाव कसला? पण उद्या दिवाळीची ऑर्डर आली आणि मदतीला कोणी ठेवावी लागली, तर ती काय फुकट येणार आहे? तेव्हा कळतं की आपल्या भावात तिच्या पगाराला जागाच नाही. मग ऑर्डर परत करावी लागते. मोठं होता येत नाही ते भांडवल नाही म्हणून, असं सगळे म्हणतात. माझ्या बघण्यातले बरेचसे धंदे भावातच अडकलेले आहेत.

लिज्जत पापडाचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण जरा वेगळ्या कारणासाठी. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सात बायका गच्चीवर बसल्या, ८० रुपये उसने घेतले आणि पापडाची चार पाकिटं केली. हे ८० रुपये भाषणात फार गाजतात. मला त्याहून मोठी वाटते ती तिथली रीत. पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी मिळते, आणि वरच्या नफा-तोट्यात सगळ्या भागीदार. म्हणजे मजुरी हा खर्च आणि नफा हा त्यानंतरचा, हे दोन कप्पे वेगळे. तुम्ही एकट्या असलात तरी हे दोन कप्पे करा.

दुकानात माल ठेवायचा असेल तर आणखी एक आकडा येतो. आमच्या इथे किराणा दुकानदार छापील किमतीच्या वीस टक्के घेतो. २४० छापले तर ४८ त्याचे, माझ्या हातात १९२, आणि त्यातून खर्च जाऊन तीस रुपये. हा तीस रुपयांचा आकडा मी आधी काढला असता, तर सांगलीच्या गणपती पेठेत माल घ्यायला जाताना डाळीच्या भावात दोन रुपये जास्त म्हटल्यावर मी हसून सोडून दिले नसते.

आता गिऱ्हाईक. इथून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आज आपण कौतुकाने सांगतो, पण सुरुवातीला शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. लोखंडाने जमीन बिघडते असं लोकांना वाटायचं. ज्याला ते झेपलं त्याला झेपलं. आपल्याला दोन वर्षं माल पडून राहिलेला झेपणार नाही. म्हणून आधी थोडं करा, ओळखीच्या नसलेल्या दहा जणांना पैसे घेऊन विका. ओळखीचे लोक 'छान' म्हणतात, परत मागत नाहीत. दुसऱ्यांदा मागायला आला तो गिऱ्हाईक. मी दोन हजार पिशव्या छापल्या होत्या, त्यावर 'उपवासाची भाजणी' पण होती. ती कधीच खपली नाही. त्या पिशव्यांत अजून आमच्या घरी डाळी भरलेल्या असतात.

कागदपत्रांकडे येते, कारण त्याचीच तुम्हाला भीती आहे. खरं तर ते फार थोडं आहे. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी हवीच, मग तो घरच्या ओट्यावर केलेला का असेना. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरायची आणि वर्षाची फी १०० रुपये होती. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, छापील किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, आपलं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असू द्या, स्वयंपाकघरातला काटा चालत नाही.

दुसरी म्हणजे उद्यम नोंदणी, छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद. २०२० च्या जुलैपासून ती सुरू आहे, आधार नंबरवर मोबाईलवरून होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. हे मी दोनदा सांगते, एक रुपयाही लागत नाही. सरकारी दिसणारी संकेतस्थळं काढून हजार-दोन हजार घेणारे बसलेले आहेत. माझ्याकडूनही एकाने घेतले.

जीएसटीची घाई करू नका. नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, सेवेला ही मर्यादा २० लाख. पण माल बेळगावला किंवा गोव्याला पाठवून विकायचा विचार असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा, राज्याबाहेर गेलं की नियम बदलतो.

बँकेत धंद्याचं वेगळं खातं काढा. दुकानात चिकटवायचा तो क्यूआर कोडही त्याच खात्याचा हवा. आमच्याकडे आधी तो मुलाच्या खात्याचा होता. तेवढं सांगितलं तरी पुरे.

भागीदारी करत असाल तर, जाऊ असो की मैत्रीण, कागदावर लिहा. कोण किती पैसे घालणार, कोण किती तास देणार, आणि सोडायचं झालं तर भांडी कोणाची. भागीदारीची नोंदणी नसली तर बाहेरच्या माणसाकडचे पैसे वसूल करायला भागीदारी संस्थेच्या नावाने कोर्टात दावाही लावता येत नाही.

कर्जाबद्दल मी थोडी जुनाट आहे. मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात, म्हणजे अगदी छोट्या कर्जांच्या गटात, ५० हजारांपर्यंत तारण न ठेवता मिळतं, जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदानही आहे. चांगल्या योजना आहेत. पण अनुदान हातात येत नाही, ते बँकेत कर्जाच्या जोडीनेच राहतं, आणि हप्ता मात्र आपल्यालाच भरायचा. यंत्रासाठी कर्ज घ्या. चुकीचा भाव भरून काढायला घेऊ नका. १४० रुपयांच्या भावात मी कर्ज काढलं असतं, तर जास्त भाजणी करून जास्त तोटा केला असता.

उधारीवर वेगळं भाषण होईल. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, असा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याजही लागतं. मोठ्या खरेदीदाराला हे दाखवा. पण कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कायदा दाखवून काय होणार? तो पुढच्या वेळी बरणी आतल्या फळीवर ठेवेल. मी एवढंच करते, मागच्या खेपेचे पैसे आल्याशिवाय पुढची खेप ठेवत नाही. दोन दुकानं यामुळे सुटली. त्यातल्या एकाकडे माझे अजून ३,४०० रुपये आहेत, आणि रस्त्यात दिसला की तो माझ्याआधी नमस्कार करतो.

तर त्या रविवारच्या वहीनंतर मी भाव १४० चा थेट २४० केला. तीन रात्री झोप नव्हती. माझी ३१ घरची नेहमीची गिऱ्हाइकं होती, त्यातली नऊ तुटली. चार दिवाळीच्या तोंडावर परत आली. तुटलेल्यांत माझी सख्खी नणंद होती. "वहिनी, घरच्या माणसाला पण हाच भाव?" मी म्हटलं, "वन्सं, घरच्या माणसाला चहा फुकट आहे, भाजणी नाही." सहा महिने बोलणं बंद. आता दर पंधरा दिवसांनी येतात, दोन किलो घेतात, क्यूआर कोडवर पैसे भरतात आणि मोबाईल माझ्या नाकापर्यंत आणून दाखवतात, "बघ, गेले हं."