एक वर्गणी, एक पावती आणि घरी येणारा अंक

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या परिषदेचे किंवा संशोधन मंडळाचे सभासद असाल. अशा संस्थांच्या वार्षिक सभेत हल्ली एक विषय हमखास निघतो. सभासद वर्गणी आणि नियतकालिकाची वर्गणी वेगळी करायची का? कागद महागला, छपाई महागली, टपाल महागलं. मग ज्याला अंक हवा त्यानं जादा पैसे भरावेत, बाकीच्यांनी नुसतं सभासद राहावं, असं मांडलं जातं. ऐकायला रास्त वाटतं, पण माझं मत अगदी उलट आहे. एक वर्गणी, एक पावती आणि घरी येणारा अंक. ही तिन्ही एकत्रच राहिली पाहिजेत. का, ते सांगण्यासाठी एका गणितमंडळाची हकीकत सांगतो. ती सांगायला मला फार आवडते.

आंध्रातलं गुत्ती म्हटलं की आपल्याला मराठा सरदार मुरारराव घोरपडे आठवतात. त्याच गुत्तीला 1906 साली व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर होते. दिवसभर महसुलाची कामं करायची, पण जीव सगळा गणितात. अडचण अशी, की युरोपातली गणिताची नियतकालिकं इकडे सहजी वाचायला मिळत नसत, आणि एकट्यादुकट्यानं मागवायची तर खिशाला झेपत नसत. म्हणून 25 डिसेंबर 1906 ला, ऐन नाताळात, त्यांनी गणिताची आवड असलेल्या मंडळींना पत्र लिहिलं. आपण प्रत्येकानं वर्षाला 25 रुपये काढू, त्यातून नियतकालिकं आणि पुस्तकं मागवू, आणि ती सभासदांमध्ये फिरवू. वर्गणी दिली की वाचायला मिळणार, असा सरळ हिशेब.

आता 25 रुपये म्हणजे किती, ते लक्षात घ्या. 1912 साली श्रीनिवास रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागले, तेव्हा त्यांचा पगार होता महिना 30 रुपये. म्हणजे कारकुनाचा जवळजवळ महिन्याचा पगार ही मंडळी वर्गणी म्हणून देणार होती! तरीही 4 एप्रिल 1907 ला 20 जणांनी संस्था उभी केली. सुरुवातीला तिचं नाव ॲनालिटिक क्लब होतं. पुढे तीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली.

आणि या संस्थेचं ग्रंथालय कुठे होतं? आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, 1899 चे सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले. परदेशातून आलेले अंक पुण्यात पोचायचे आणि तिथून टपालानं सभासदांकडे निघायचे. दूर मद्रास इलाख्यात बसलेला एखादा प्राध्यापक पुण्याहून आलेला अंक वाचायचा. फर्ग्युसन रस्त्यावर पाहुण्यांना आपण काय काय दाखवतो, पण हे कुणी सांगत नाही. तिथे याची एक ठळक पाटी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

असो. 1909 मध्ये संस्थेनं स्वतःचं नियतकालिक सुरू केलं. त्यात लेख असत आणि प्रश्नही असत. एकानं प्रश्न घालायचा, दुसऱ्यानं पुढच्या अंकात उत्तर पाठवायचं. मग 1910 साल उजाडलं. रामस्वामी अय्यर तेव्हा तिरुक्कोयिलूरला होते. एक गरीब तरुण वही घेऊन त्यांच्याकडे आला. तालुका कचेरीत कारकुनाची जागा द्या, म्हणाला. अय्यरांनी वही चाळली. समोर जे होतं ते पाहून त्यांनी नोकरी द्यायचं साफ नाकारलं! अशा बुद्धीला महसूल खात्याच्या तळाच्या जागेवर गाडून टाकायचं त्यांच्या मनात येईना. त्यांनी त्याला मद्रासच्या गणिती स्नेह्यांकडे धाडलं. तो तरुण म्हणजे रामानुजन.

पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, बर्नुली संख्यांवरचा रामानुजनांचा पहिला लेख याच नियतकालिकात आला. त्याच वर्षी त्यांनी एक प्रश्नही घातला. ऐका हं. वर्गमुळाखाली 1 अधिक 2 गुणिले, त्यापुढे वर्गमुळाखाली 1 अधिक 3 गुणिले, पुन्हा वर्गमुळाखाली 1 अधिक 4 गुणिले, असं न संपता चालूच. याची किंमत काय? अंकामागून अंक निघाले, कुणाचंच उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजनांनीच दिलं. उत्तर आहे 3. नुसतं 3!

प्रत्येक नियतकालिकात असं प्रश्नांचं पान असावं, मग विषय इतिहास असो की अर्थशास्त्र. आपल्याकडचे अंक सत्कार आणि श्रद्धांजलीनं भरतात, आणि वाचणाऱ्याला डोकं चालवायला काही उरत नाही. हे मला खटकतं.

तर मुद्दा हा, की त्या संस्थेत वर्गणी आणि वाचन पहिल्या दिवसापासून जोडलेलं होतं. ज्या सभासदाला अंकच मिळत नाही, त्याला संस्थेची आठवण फक्त वर्गणीची सूचना आली की होते. पुढे तीही होत नाही. उलट सगळ्या सभासदांना अंक जाणार असेल, तर किती प्रती छापायच्या ते आधीच ठरतं आणि संपादकाला आपला वाचक कोण ते ठाऊक असतं. म्हणून पुन्हा सांगतो, एक वर्गणी, एक पावती आणि घरी येणारा अंक.

अडचणी आहेत, पण त्या सुटतात. विद्यार्थ्यांना वर्गणी निम्मी ठेवा. एका घरात दोघं सभासद असतील तर अंक एकच पाठवा, मतं दोन राहू द्या. ग्रंथालयांना अंक द्या, मताचा अधिकार नको. सभासदत्वाचं वर्ष आणि अंकांचं वर्ष एकच ठेवा, म्हणजे अर्धवट संच कुणाकडे राहणार नाहीत. खरा पेच आजीव सभासदांचा आहे. कैक वर्षांपूर्वी एकदाच भरलेल्या रकमेच्या व्याजात आज अंकाचा खर्च निघत नाही. त्यांच्याकडे दरवर्षी अंकापुरती रक्कम मोकळेपणानं मागावी. मोबाईलवर अंकाची पीडीएफ जरूर पाठवा, पण छापील अंक बंद करून नको. टेबलावर पडलेला अंक घरातलं दुसरंही कुणी उचलून वाचतं.

पुढच्या वार्षिक सभेत हिशेब वाचला जाईल, तेव्हा उठून विचारा, की एक अंक छापून सभासदाच्या दारात पोचवायला किती खर्च येतो. वर्गणी त्या आकड्यावरून ठरू द्या. मात्र वर्गणीबद्दलची सूचना बहुतेक संस्थांमध्ये सभेआधी लेखी द्यावी लागते. तिची मुदत तुमच्या संस्थेच्या घटनेत दिलेली असेल, ती आजच बघून ठेवा.

नमस्कार.