तिकीट खिशात असतानाही

नमस्कार.

आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर ओझरता पाहिला असेल. बर्फावरची हॉकी. त्यातही मला बोलायचंय ते कॉलेजच्या मुलांच्या हॉकीबद्दल, आणि त्यातही एकाच स्पर्धेबद्दल. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या बारा कॉलेजांची दर मार्चमध्ये होणारी ही ईसीएसी हॉकीची अजिंक्यपद स्पर्धा. १९६२ सालापासून ती चालू आहे. जिंकणाऱ्याला व्हाइटलॉ चषक मिळतो.

२००१ साली मी पुण्याहून इथाकाला, कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेले. फी माफ व्हायची म्हणून संख्याशास्त्राचा एक वर्ग शिकवायचं काम घेतलं. आठवड्याला दोन तास शिकवायचं आणि तीसेक गृहपाठ तपासायचे. त्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसायचा. त्याच्या हनुवटीला टाके होते. ते निघाले की पंधरा दिवसांत भुवईवर नवे. शेवटी मी काळजीने विचारलं, तेव्हा तो लाजून म्हणाला, "मी हॉकी खेळतो."

म्हणून मी पहिल्यांदा कॉर्नेलच्या लायना रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, गेले. जेमतेम चार हजार माणसं मावतील एवढी ती जुनी वास्तू, १९५७ सालची. आत शिरल्यावर आधी ऐकू येतो तो आवाज. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, इंचभर जाड. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उड्या मारत नाही. ती कडेच्या फळ्यांवर आदळते तेव्हा पत्र्यावर नारळ पडावा तसा आवाज होतो, आणि पायाखालच्या पायऱ्या थरथरतात. समोरच्या संघाची नावं पुकारली जात असताना कॉर्नेलची मुलं वर्तमानपत्र उघडून वाचत बसतात, तुमच्याकडे आमचं लक्षसुद्धा नाही, असं दाखवायला. आणि हार्वर्ड आलं की बर्फावर मासे पडतात. खरेखुरे मासे. कॉर्नेलला शेतकीचं कॉलेज आहे म्हणून १९७३ साली हार्वर्डच्या बाजूने कोणीतरी गोलजवळ कोंबडी आणली होती, त्याचं ते उत्तर. पन्नास वर्षं उलटली, उत्तर देणं थांबलेलं नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिराबाहेर घसा फोडून घोषणा देणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वातावरण समजावून सांगावं लागणार नाही.

आता ईसीएसी ही एक कॉन्फरन्स. कॉन्फरन्स म्हणजे काय? शेजारपाजारच्या कॉलेजांनी एकत्र येऊन बांधलेली मोट. आज त्यात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राऊन, डार्टमथ आणि कॉर्नेल ही सहा आयव्ही लीगची, म्हणजे जुन्या नामांकित गटातली, कॉलेजं आहेत. ही सहाजण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यांच्याबरोबर ट्रॉयचं रेन्सेलिअर, स्कनेक्टडीचं युनियन, कोलगेट, क्विनिपिअॅक, आणि पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत, क्लार्कसन आणि सेंट लॉरेन्स. या शेवटच्या दोघांची गावं एकमेकांपासून दहा-बारा मैलांवर. तिथे हिवाळ्यात हॉकीशिवाय दुसरा विषय नसतो. हे सगळे वर्षभर एकमेकांशी खेळतात. मार्च आला की पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरी, बाकीचे आधी आपसात लढतात. उपांत्यपूर्व फेरी वरच्या क्रमांकाच्या कॉलेजच्या घरच्या रिंकवर, तीन सामन्यांत दोन जिंकायचे. मग उरलेले चार संघ लेक प्लॅसिडला जातात.

तिथे चषक जिंकला की राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. आज राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ असतात. सहा कॉन्फरन्सचे सहा विजेते थेट येतात, उरलेल्या दहा जागा वर्षभराच्या निकालांच्या गणितातून ठरतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कॉन्फरन्सचा करंडक म्हणजे पुढच्या गाडीचं तिकीट. मलाही तसंच वाटायचं. मार्च २००२ मध्ये माझं हे मत बदललं.

त्या वर्षी कॉर्नेल साखळीत पहिलं आलं होतं. अंतिम सामना हार्वर्डशी. आम्ही पाचजण एका मैत्रिणीच्या जुन्या गाडीतून साडेचार तास ॲडिरॉन्डॅक डोंगरांतून वर गेलो. लेक प्लॅसिड म्हणजे दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, पण १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिंपिक त्या गावाने भरवली. आणि ज्या रिंकवर आमचा सामना होता, त्याच रिंकवर २२ फेब्रुवारी १९८० ला अमेरिकेच्या पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं होतं. त्या वीसजणांत बहुतेक सगळे कॉलेज हॉकीतून आलेले. त्यांचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स हे मिनेसोटा विद्यापीठाचे. त्यांच्या निधनानंतर रिंकला त्यांचं नाव दिलं. कॉलेजच्या मुलांनी अंतिम सामना खेळायला याहून योग्य जागा पृथ्वीवर नाही, असं मला मनापासून वाटतं. मधली काही वर्षं ही स्पर्धा ऑल्बनीला आणि अटलांटिक सिटीला नेली होती. २०१४ साली ती लेक प्लॅसिडला परत आली, ते फार बरं झालं.

तर तो सामना. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग संपले, बरोबरी. बाद फेरीत अशा वेळी पुन्हा पूर्ण वीस मिनिटांचा भाग खेळतात, आणि जो पहिला गोल करेल तो तिथल्या तिथे जिंकतो. घड्याळाकडे मग कोणी बघत नाही. झांबोनी यंत्र येऊन बर्फावर पाणी सोडतं, ते गोठतं, मुलं पुन्हा उतरतात. जादा वेळेचा पहिला भाग गोलशून्य. दुसऱ्या भागात हार्वर्डने गोल केला. ४-३.

आमच्यासमोरच कॉर्नेलचा गोलरक्षक गुडघ्यांवर तसाच राहिला. हार्वर्डची मुलं हेल्मेटं फेकून एकमेकांच्या अंगावर पडली होती. मग दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलनाला आले. आमची मुलं रडत होती, मोठाली, खांदेवाली मुलं. आणि इथेच मला प्रश्न पडला. हार्वर्डला पुढे जायचं तर हा सामना जिंकणं भाग होतं. कॉर्नेलचं तसं नव्हतं. वर्षभराच्या निकालांवर त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळणारच होती, आणि ती मिळाली. मग तिकीट खिशात असताना ही मुलं का रडत होती?

या प्रश्नाचं उत्तर मला इतर वर्षांनी दिलं. त्यातली दोन सांगते.

२०१३. येल अटलांटिक सिटीत उपांत्य सामना युनियनकडून ५-० हरलं. तिसऱ्या क्रमांकाचा सामना क्विनिपिअॅककडून ३-० हरलं. एक गोलसुद्धा नाही. त्याच आठवड्यात तिकडे डेट्रॉइटमध्ये नोट्र डेमने मिशिगनला हरवलं, म्हणून गणितात येलला शेवटची जागा मिळाली. त्यांनी मिनेसोटाला, नॉर्थ डकोटाला, लोवेलला हरवलं, आणि अंतिम सामन्यात त्याच क्विनिपिअॅकला ४-० हरवून ते देशाचे विजेते झाले. केवढी मोठी गोष्ट! पण त्या वर्षीचा व्हाइटलॉ चषक कोणाकडे आहे? युनियनकडे. येलचे चाहतेसुद्धा तो आपला म्हणणार नाहीत.

२०२१. करोनाचं वर्ष. बारापैकी चारच कॉलेजांनी खेळायचं ठरवलं. सेंट लॉरेन्सने क्विनिपिअॅकच्याच रिंकवर, जादा वेळेत, ३-२ असा अंतिम सामना जिंकला. २००१ नंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि संघाला राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. त्यांच्या जागी क्विनिपिअॅक गेलं. तिकीट हरलेल्याला मिळालं, चषक मात्र सेंट लॉरेन्सच्या गावी, कँटनलाच राहिला.

ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघितली की उलगडा होतो. देशाचा विजेता कोण, हे ठरवणारे सामने बऱ्याचदा अनोळखी संघांशी असतात. कॉन्फरन्समध्ये समोर उभा असतो तो शेजारी, ज्याच्याकडून तुम्ही डिसेंबरात हरलात, फेब्रुवारीत जिंकलात, ज्याचा डाव्या बाजूचा खेळाडू कधी कुठे वळतो हे तुम्हाला झोपेतही ठाऊक आहे. त्याच्याशी असलेला हिशोब दुसरीकडे कुठेही चुकता होत नाही.

आणि म्हणूनच कॉलेज हॉकीतले सर्वात लांबलेले सामने या कॉन्फरन्स स्पर्धांमधले आहेत. २००६ मध्ये येल आणि युनियन जादा वेळेच्या पाचव्या भागापर्यंत गेले. २०१० मध्ये क्विनिपिअॅक आणि युनियन त्याहून पुढे, १५० मिनिटं २२ सेकंद. २०१५ मध्ये हॉकी ईस्ट या शेजारच्या कॉन्फरन्समध्ये मॅसॅच्युसेट्सने नोट्र डेमला १५१ मिनिटं ४२ सेकंद खेळून हरवलं. म्हणजे अडीच सामने, सलग, एका रात्रीत. यातला एकही अंतिम सामना नव्हता. सुरुवातीच्या फेऱ्यांमधले सामने हे! पण हरणाऱ्या संघातल्या चौथ्या वर्षाच्या बहुतेक मुलांसाठी तो आयुष्यातला शेवटचा खरा सामना असतो. केन ड्रायडनसारखा एखादाच कॉर्नेलला तीन वर्षं हे विजेतेपद मिळवून देऊन पुढे मॉन्ट्रियलकडून सहा स्टॅन्ली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकतो. बाकीचे इंजिनिअर होतात, शिक्षक होतात, गावी जाऊन शेती करतात.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती २०२० च्या मुलांची. कॉर्नेल देशात पहिल्या क्रमांकावर होतं, मुलांचा संघही आणि मुलींचाही. १२ मार्चला सगळं रद्द झालं. त्या मुलांना हरायलासुद्धा मिळालं नाही.

२०२५ मध्ये कॉर्नेलचे प्रशिक्षक माइक शेफर यांचं तिसावं आणि शेवटचं वर्ष होतं. ते स्वतः कॉर्नेलचेच जुने खेळाडू. चषक जिंकला नाही तर पुढे जागा नाही, अशी अवस्था असताना त्यांच्या मुलांनी लेक प्लॅसिडला क्लार्कसनला ३-१ हरवलं. मी तो सामना इथे घरी, पहाटे, लॅपटॉपवर पाहिला. प्रक्षेपण मधेच अडकत होतं. घरचे सगळे झोपलेले, म्हणून मी ओरडले नाही. तोंडावर उशी धरली होती.

२००२ कडे परत येते. सामन्यानंतर वसंताची सुट्टी लागली होती, डिपार्टमेंट ओस पडलं होतं. सोमवारी माझ्या खोलीचं दार उघडलं तर दाराखालून सरकवलेले चार कागद पायाशी आले. त्या टाकेवाल्या मुलाचा गृहपाठ. मुदत सुट्टीनंतरची होती. पहिले तीन प्रश्न नीटस अक्षरात, चौथ्यापासून अक्षर वेडंवाकडं, ओळी चढत-उतरत गेलेल्या. वरच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं होतं, "बसमध्ये लिहिलंय, माफ करा." पाचवा प्रश्न मधेच सोडला होता. तिथे पेनाची एक लांब रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. मी तिथेच खाली बसून तो तपासला. पहिले चार बरोबर होते.