परवान्यावरचा विरोधक

नमस्कार मंडळी. हुकूमशाहीतला विरोधी नेता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस येतो. तत्त्वासाठी नोकरीवर पाणी सोडलेला, दर दोन वर्षांनी तुरुंगात जाऊन येणारा. आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो रशियातला सर्गेई फुर्गाल या साच्यात अजिबात बसत नाही. म्हणूनच मी त्याला निवडलं.

फुर्गाल 1970 सालचा. रशियाच्या अगदी पूर्व टोकाला, चीनच्या सीमेवर आमूर नदी वाहते. तिच्याकाठच्या मुलखात तो जन्मला. शिकला डॉक्टरकी, काही वर्षं रुग्णालयात नोकरीही केली. मग सोव्हिएत संघ मोडल्यावर पगाराचे वांधे झाले तेव्हा अनेकांनी केलं तेच यानेही केलं, म्हणजे धंद्यात पडला. आधी किरकोळ व्यापार, पुढे लाकूड आणि भंगार. नव्वदीच्या रशियात भंगाराचा धंदा करणारा माणूस धुतल्या तांदळासारखा असेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

2005 मध्ये तो पूर्वेकडच्याच खाबारोव्स्क प्रांताच्या विधिमंडळात गेला आणि 2007 मध्ये मॉस्कोच्या दूमात, म्हणजे संसदेत. पक्ष कोणता? व्लादिमीर झिरिनोव्स्की या नेत्याचा एलडीपीआर, म्हणजे 'रशियाचा उदारमतवादी लोकशाही पक्ष'. नावात 'उदारमतवादी' आणि 'लोकशाही' हे दोन्ही शब्द असलेला आणि दोन्हींशी फारसा संबंध नसलेला पक्ष. रशियात अशा पक्षांना 'व्यवस्थेतला विरोध' म्हणतात. संसदेत बाकं भरायची, टीव्हीवर आरडाओरडा करायचा आणि कळीच्या वेळी क्रेमलिनच्या बाजूने हात वर करायचा. बदल्यात जागा, निधी, मान मिळतो. फुर्गाल दहा-अकरा वर्षं या व्यवस्थेत सुखाने नांदला, आरोग्य समितीचा अध्यक्षही झाला.

आता गव्हर्नरपदाच्या, म्हणजे प्रांतप्रमुखाच्या, निवडणुकीचं यंत्र कसं चालतं ते थोडं समजून घेऊ. 2004 मध्ये बेस्लानच्या शाळेवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पुतिन यांनी गव्हर्नर थेट निवडायची पद्धतच मोडीत काढली. 2012 मध्ये ती परत आणली, पण चाळणी लावून. उमेदवाराला स्थानिक संस्थांमधल्या पाच ते दहा टक्के सदस्यांच्या सह्या आणाव्या लागतात आणि हे सदस्य बहुतेक सत्ताधारी 'युनायटेड रशिया'चे. म्हणजे तुमच्याविरुद्ध कोण लढणार, हे तुम्हीच ठरवणार. 2018 मध्ये खाबारोव्स्कच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिलेला फुर्गाल या चाळणीतून आरामात बाहेर आला, कारण त्याची कोणाला भीतीच नव्हती. पदावर असलेले गव्हर्नर श्पोर्त यांच्याकडूनच तो 2013 मध्ये सपाटून हरला होता.

पण 2018 च्या जूनमध्ये, फुटबॉल विश्वचषक सुरू झाला त्याच दिवशी, सरकारने निवृत्तीचं वय वाढवायची घोषणा केली. पुरुषांचं साठवरून पासष्ट, बायकांचं पंचावन्नवरून त्रेसष्ट (नंतर ते साठवर आणलं). पूर्वेकडे लोक आधीच चिडलेले. पैसा मॉस्कोला जातो, तरुण पोरं निघून जातात आणि मॉस्को आहे सहा हजार किलोमीटरवर, सात तासांच्या फरकाने झोपलेलं. सप्टेंबरमधल्या पहिल्या फेरीत फुर्गाल आणि श्पोर्त दोघांनाही साधारण छत्तीस-छत्तीस टक्के मतं पडली, फुर्गालला कणभर जास्त. निम्म्याहून जास्त कोणालाच नाहीत, म्हणून दुसरी फेरी.

पुढचा भाग मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मजेशीर वाटतो. दुसऱ्या फेरीआधी श्पोर्त यांनी फुर्गालला आपल्या सरकारात मोठं पद देऊ केलं आणि फुर्गालने ते चक्क स्वीकारलं! त्याच्या दृष्टीने उमेदवारी ही गाजराची पुंगी होती. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, आणि तो खायला बसलाही होता. लोकांनी ऐकलं नाही. मतदान वाढलं आणि फुर्गालला जवळजवळ सत्तर टक्के मतं मिळाली, पदावरच्या गव्हर्नरला अठ्ठावीस. मतं त्याला होती असं मी म्हणणार नाही. मतपत्रिकेवर दुसरं नाव त्याचं होतं, इतकंच. त्याच महिन्यात व्लादिमीर प्रांतातही असाच निकाल लागला, आणि शेजारच्या प्रिमोर्ये प्रांतात तर मतमोजणीत इतका घोळ झाला की निवडणूकच रद्द करावी लागली.

निवडून आल्यावर मात्र फुर्गालला आपल्याला नेमकं काय मिळालंय ते कळलं, असं दिसतं. स्वतःचा पगार महिना 14 लाख रूबलवरून 4 लाखांवर आणला. सरकारी नौका विकायला काढली. अधिकाऱ्यांचा विमानातला बिझनेस क्लास बंद केला. शाळेतल्या मुलांच्या जेवणापासून घरांच्या रखडलेल्या प्रश्नापर्यंत अधिकाऱ्यांना जाब विचारायचा आणि ते इन्स्टाग्रामवर टाकायचं. यात दिखाऊपणा नव्हता का? होता की! पण खाबारोव्स्कच्या माणसाला आपला गव्हर्नर दिखाव्यापुरता का होईना, आपल्याकडे तोंड करून उभा आहे, हे नवीन होतं.

मॉस्कोने पहिला फटका लगेच दिला. डिसेंबर 2018 मध्ये अतिपूर्व विभागाची राजधानी खाबारोव्स्कहून व्लादिवोस्तोकला हलवली. लोक आणखी चिडले. सप्टेंबर 2019 मध्ये प्रांतिक विधिमंडळाच्या 36 पैकी 30 जागा फुर्गालच्या पक्षाला गेल्या. पक्षयादीच्या मतांत सत्ताधाऱ्यांना कसेबसे बारा टक्के. त्यानंतर 1 जुलै 2020 ला पुतिन यांच्या घटनादुरुस्तीवर मतदान झालं. देशभर अडुसष्ट टक्के मतदान झाल्याचं जाहीर झालं, खाबारोव्स्कमध्ये चव्वेचाळीस. आकडे फुगवून देण्याचं काम गव्हर्नरचं असतं, हे रशियात सगळ्यांना ठाऊक असतं. याने ते केलं नाही, किंवा पुरेसं केलं नाही.

9 जुलैला त्याला गाडीतून ओढून काढलं आणि विमानाने मॉस्कोला नेलं. आरोप: 2004-05 मध्ये दोन व्यावसायिकांचे खून घडवून आणले, तिसऱ्याच्या खुनाचा प्रयत्न केला. तुम्ही म्हणाल, खरं होतं का? फुर्गालने शेवटपर्यंत नाकारलं. माझं मत असं की आरोप खरा की खोटा हा एक प्रश्न आणि तो पंधरा वर्षांनी का आठवला हा दुसरा. याच माणसाला संसदेत बसवताना, समितीचा अध्यक्ष करताना त्या फायली कुठे होत्या? परवान्यावरच्या विरोधकाची फाईल कपाटात असते. परवाना संपला की ती टेबलावर येते.

11 जुलैला, शनिवारी, खाबारोव्स्क शहराच्या लेनिन चौकात हजारो लोक उतरले. पोलिसांच्या आकड्यांनुसार दहा-बारा हजार, इतरांच्या मते त्याच्या तिप्पट. सहा लाखांच्या शहरात हे थोडं नाही. ना कुठला पक्ष, ना व्यासपीठ, ना परवानगी. 'मी/आम्ही फुर्गाल' अशा पाट्या आणि 'मॉस्को, चालते व्हा'सारख्या घोषणा. रोज संध्याकाळी आणि शनिवारी मोठ्या संख्येने, असं महिनोन्‌महिने चाललं. कोणी विचारलं तर लोक सांगायचे, कबुतरांना दाणे टाकायला आलोय. ऑगस्टमध्ये शेजारी देश बेलारूस निवडणुकीच्या निकालावरून पेटलं तेव्हा याच चौकात बेलारूसच्या नावाने घोषणा झाल्या. पोलिसांनीही बराच काळ हात लावला नाही. बळाचा वापर करून चौक पहिल्यांदा मोकळा केला तो 10 ऑक्टोबरला.

आणि फुर्गालचा पक्ष? पुतिन यांनी 20 जुलैला 'विश्वास उरला नाही' म्हणून फुर्गालला काढलं आणि त्याच्या जागी देग्त्यारेव यांना पाठवलं. तेही एलडीपीआरचेच, पण या प्रांताशी काडीचा संबंध नसलेले. झिरिनोव्स्कींनी आधी आदळआपट केली, मग मुकाट मान्य केलं. पक्ष परवान्यात राहिला, बाहेर पडला तो माणूस.

खटला खाबारोव्स्कमध्ये चालवलाच नाही, मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सीत चालवला. तिथल्या ज्युरीने फेब्रुवारी 2023 मध्ये दोषी ठरवलं आणि शिक्षा झाली 22 वर्षं. त्याच्या मुलाने 2021 मध्ये दूमाची निवडणूक लढवायचा प्रयत्न केला, त्याला उमेदवारीच मिळू दिली नाही. देग्त्यारेव त्याच वर्षी रीतसर निवडून आले आणि 2024 मध्ये देशाचे क्रीडामंत्री झाले.

त्यांच्या जागी आलेले देमेशिन हे पूर्वीचे बडे सरकारी वकील. 2024 मध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन गव्हर्नर झाले. त्यांची ख्याती कशासाठी आहे सांगू? बैठकीत अधिकाऱ्यांना उभं करून झाडायचं आणि त्याचं चित्रीकरण लोकांना दाखवायचं. फुर्गालकडून क्रेमलिन एवढं तरी शिकलं. फरक इतकाच, की या गव्हर्नरला पाठवणारे मॉस्कोत बसलेले आहेत आणि अधिकाऱ्यांनाही ते माहीत आहे.