हजला निघण्याआधीचा हिशेब

श्रोते हो, नमस्कार.

कोकणातल्या एखाद्या मोहल्ल्यात किंवा मिरजेत, मालेगावात कुणी हजला निघालं, की तो माणूस आधी घरोघरी जातो. नातेवाइकांकडे जातो, शेजाऱ्यांकडे जातो. बांधाच्या वादावरून ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याचंही दार वाजवतो. म्हणतो, ‘बोललं-चाललं माफ करा.’ दुकानदाराची उधारी देऊन टाकतो, कुणाची ठेव असेल तर परत करतो, वसीयत लिहून ठेवतो. पूर्वी मुंबई बंदरातून जहाजानं हजला जायचे. तो जलमार्ग 1995 साली बंद झाला. समुद्रावर जाणाऱ्याच्या परतीची खात्री नसे, म्हणून ही निरवानिरव, असं काहींना वाटतं. पण आता विमानानं काही तासांत जेद्दाहला पोहोचता येतं, तरी ती चालूच आहे. कारण तिचं मूळ प्रवासाच्या धोक्यात नाही, धर्मात आहे.

इस्लाममध्ये माणसावर दोन प्रकारचे हक्क मानले आहेत. एक अल्लाहचा आणि दुसरा माणसांचा. नमाज चुकली, रोजा राहिला, तर तो बंदा आणि त्याचा रब यांच्यातला मामला. तिथं पश्चात्तापानं क्षमा मिळू शकते. पण कुणाचे पैसे बुडवले, कुणाची अब्रू घेतली, तर ज्याचं घेतलं त्याला ते परत केल्याशिवाय किंवा त्यानं माफ केल्याशिवाय सुटका नाही. शहीदाचे सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र नाही, अशी हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, आहे. हजमध्ये अश्लीलतेपासून आणि पापापासून दूर राहिलेला माणूस, आईनं जन्म दिला त्या दिवसासारखा होऊन परततो, असंही हदीसमध्ये सांगितलं आहे. एवढं मोठं आश्वासन शेजाऱ्याची देणी थकवून मागता येत नाही. हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे तो ऐपत असलेल्यावरच, हे कुरआननं स्पष्ट सांगितलं आहे. ऐपतीत जाण्यायेण्याचा खर्च येतो, तसाच मागे राहणाऱ्या बायकामुलांचा आपण परतेपर्यंतचा खर्चही येतो. ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्यावर हज फर्जच नाही.

पुढचे विधी याच धाग्यात ओवलेले आहेत. एहराम, म्हणजे हजसाठी धारण करायची पवित्र अवस्था आणि तिचा पोशाख; पुरुषांसाठी न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी. स्त्रिया आपल्या साध्या कपड्यांतच एहरामात येतात. अत्तर नाही, केस-नखं कापायची नाहीत, शिकार नाही, भांडण नाही. कारखानदार आणि हमाल शेजारी उभे राहिले, तर कोण कोण ते कपड्यांवरून ओळखू येत नाही. पुष्कळ हाजी ती चादर मक्केतल्या जमजम या पवित्र झऱ्याच्या पाण्यात भिजवून घरी आणतात आणि आपल्या कफनासाठी जपून ठेवतात.

मग येतो जिलहिज्जाचा, म्हणजे इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा, नववा दिवस, अरफातच्या मैदानातला. ‘हज म्हणजे अरफात’ असं पैगंबरसाहेबांचं वचन आहे. तवाफ, म्हणजे काबागृहाभोवतीची प्रदक्षिणा, चुकला तर तो नंतर करता येतो, पण अरफात हुकलं तर त्या वर्षीचा हजच हुकला. मक्केपासून वीसेक किलोमीटरवरच्या या उघड्या मैदानात दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत थांबायचं आणि दुआ मागायची. एवढंच. हजारो मैल तुडवून आलेला माणूस तिथं फक्त उभा राहतो, हात पसरतो, आणि रडतो. कयामतच्या दिवशी सगळे असेच एका मैदानात जमणार आहेत आणि प्रत्येकाला आपापला जबाब द्यायचा आहे. त्या दिवसाची ही जितेपणी घेतलेली तालीम आहे, असं मला मनापासून वाटतं.

इसवी सन 632 मध्ये, आपल्या अखेरच्या हजमध्ये, याच मैदानात पैगंबरसाहेबांनी खुत्बा, म्हणजे प्रवचन, दिला. एकमेकांचं रक्त आणि मालमत्ता तुमच्यासाठी पवित्र आहे, असं त्यांनी सांगितलं. जाहिली, म्हणजे इस्लामपूर्व, काळातलं सगळं व्याज रद्द केलं. आणि सुरुवात कुणापासून केली? स्वतःच्या चुलत्यापासून, हजरत अब्बास यांना लोकांकडून येणं असलेल्या व्याजापासून. जुन्या खुनांचे सूड रद्द केले, तेही आधी स्वतःच्या घराण्याच्या खुनाचे. या खुत्ब्यात मला हेच सर्वांत मोठं वाटतं. हिशेब मिटवायचा तर आधी आपल्या घरचा.

सई, म्हणजे हजमधल्या दोन टेकड्यांमधल्या फेऱ्या, मात्र वेगळ्याच आठवणीशी बांधलेली आहे. निर्जन खोऱ्यात, तान्ह्या इस्माईलसह मागे राहिलेल्या हाजराबीबींनी आपले पती हजरत इब्राहीम यांना विचारलं होतं, ‘हा अल्लाहचा हुकूम आहे का?’ ‘हो’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही.’ पण असं म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. पाणी संपल्यावर सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. जमजम त्यानंतर फुटलं. आज मधल्या टप्प्यात पुरुष धावतात आणि स्त्रिया चालतात. एका आईची धाव जगभरच्या पुरुषांना धावून काढावी लागते, याचा विचार आपण फारसा करत नाही. करायला हवा.

कुर्बानीबद्दल कुरआन सांगतो की अल्लाहपर्यंत मांस पोहोचत नाही, रक्तही पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तक्वा, म्हणजे मनातलं अल्लाहचं भय. मदिनेची जियारत, म्हणजे दर्शनयात्रा, बहुतेक सगळे करतात, पण ती हजचा भाग नाही.

आणि ज्यांना जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठीही अरफातचा दिवस रिकामा नाही. अरफातवर उभे असलेले हाजी त्या दिवशी रोजा धरत नाहीत. घरी असलेल्यानं धरावा. गेल्या आणि येत्या वर्षाच्या गुन्ह्यांची त्यानं भरपाई होते, असं हदीसमध्ये आलं आहे. माफी मागायला घरोघरी जायचं, तर त्याला विमानाचं तिकीट लागत नाही. नमस्कार.