मायलिन नसेला जेवू घालतं, हे शाळेत कुणी सांगितलंच नाही

नमस्कार मंडळी! आज मायलिन, म्हणजे नसेच्या तंतूंवरचं वेष्टण. शाळेत आपल्याला सांगतात की ते वायरवरच्या प्लास्टिकसारखं असतं, त्यामुळे सिग्नल फास्ट जातो, विषय संपला. फास्ट जातो हे खरंय, मायलिन नसलेल्या बारीक तंतूत सेकंदाला साधारण 1 मीटर आणि जाड मायलिनवाल्यात 100 मीटरपर्यंत. पण मला आज बोलायचंय ते खर्चाबद्दल.

सिग्नल गेला की सोडियम आत घुसतं, ते परत बाहेर काढायला पंप चालतो, 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, आणि दर फेरीला एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च. मायलिन असेल तर सोडियम फक्त मधल्या छोट्या मोकळ्या जागांमधून येतं, त्यांना रॅनव्हिएचे नोड म्हणतात, एकेक जेमतेम 1 मायक्रॉनचा. म्हणजे पंपाचं काम कितीतरी कमी.

आता खरी गंमत ऐका. ॲक्सॉन, म्हणजे नसेच्या पेशीचा हा लांब तंतू, जवळजवळ सगळाच झाकून टाकला, मग बाहेरचं ग्लुकोज त्याला मिळणार कुठून? पेशीचं मुख्य घर तर मेंदूत, आणि तंतूचं दुसरं टोक पार कमरेपर्यंत!

याचं उत्तर 2012 मध्ये आलं. जर्मनीत गॉटिंगेनला क्लाउस-आर्मिन नावे यांची टीम आणि अमेरिकेत बाल्टिमोरला जेफ्री रोथस्टाइन यांची, दोन्हीकडे काम उंदरांवर. मेंदूत मायलिन बनवणारी पेशी, ऑलिगोडेंड्रोसाइट, ती स्वतः ग्लुकोज घेते, अर्धवट जाळते आणि लॅक्टेट करून ॲक्सॉनला देते. रोथस्टाइन यांच्या टीमने लॅक्टेट नेणारा एमसीटी1 हा ट्रान्सपोर्टर कमी केला तर ॲक्सॉन खराब व्हायला लागले, मायलिन जागेवर असूनसुद्धा! मला हे वाचून खरंच थक्क व्हायला झालं. आणि 2016 मध्ये कळलं की ॲक्सॉन जास्त काम करतो तेव्हा त्याने सोडलेल्या ग्लुटामेट या रसायनावरून या पेशीला खबर लागते आणि ती ग्लुकोज आत घेणं वाढवते.

आता मल्टिपल स्क्लेरोसिस बघा, यात शरीराची स्वतःचीच इम्युन सिस्टिम मायलिनवर हल्ला करते. मायलिन गेलं की सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत येण्याची दारं, उघड्या पडलेल्या तंतूभर पसरतात, पंपाचा खर्च वाढतो, आणि नेमकं तेव्हाच खायला देणारं कुणी नसतं. सोडियम साठतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम आत येतं आणि तंतू मरतो, तो परत येत नाही. आजची औषधं मुख्यतः इम्युन सिस्टिमचा हल्ला थोपवतात, म्हणून मायलिन पुन्हा चढवायचं कसं यावर इतकं संशोधन चाललंय.