लॉ स्कूलची किंमत कोण मोजतं?

(न्यू जर्सीतल्या मराठी पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका वकील बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी काही घरांत सध्या एकच विषय चालू असणार. मुलगी म्हणते, मला लॉ करायचंय. आई-वडील म्हणतात, तीन वर्षं आणि तीन लाख डॉलर, आणि पुढे काय? आपल्या पिढीतले बहुतेक जण इंजिनिअरिंग आणि एच-वनच्या वाटेने आले. या दुसऱ्या वाटेने घरातलं कुणी गेलेलंच नसतं. मग कुणाचा तरी मुलगा न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये सव्वादोन लाखांवर लागला, एवढ्या एका बातमीवर निर्णय होतो.

मी सुरुवात 2010 पासून करते. त्या वर्षी अमेरिकेतल्या लॉ स्कूलांमध्ये पहिल्या वर्षाला 52 हजारांहून जास्त विद्यार्थी आले. हा उच्चांक होता. आणि तो नेमका अशा वेळी गाठला गेला, जेव्हा वकिलीचा बाजार कोसळलेला होता. फेब्रुवारी 2009 मध्ये लेथम अँड वॉटकिन्ससारख्या मोठ्या वकिली फर्मने 190 असोसिएट, म्हणजे कनिष्ठ वकील, आणि 250 कर्मचारी एका फटक्यात कमी केले होते. बाहेर नोकऱ्या नव्हत्या, म्हणून कॉलेज संपलेली मुलं लॉ स्कूलच्या आडोशाला आली. कर्ज मिळण्यात अडचण नव्हतीच. 2006 पासून ‘ग्रॅड प्लस’ नावाचं सरकारी कर्ज होतं. शाळा जो खर्च सांगेल तेवढं कर्ज मिळायचं, वर मर्यादा नाही. शाळांनी फी वाढवत नेली यात नवल काय?

2014-15 पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा आकडा 37-38 हजारांवर आला. त्या वेळी वर्तमानपत्रांत ‘लॉ स्कूलांवर संकट’ असे मथळे येत होते. माझं मत वेगळं आहे. मुलं पहिल्यांदाच नीट हिशेब करायला लागली होती.

तोवर हिशेब करता येईल अशी माहितीच मिळत नव्हती. माहितीपत्रकात छापलेलं असायचं, पदवीनंतर नऊ महिन्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना नोकरी. त्या नव्वद टक्क्यांत कॉफीच्या दुकानात काम करणाराही धरला जायचा, आणि शाळेनेच काही महिन्यांपुरतं कामावर ठेवलेलाही. सरासरी पगार काढताना ज्यांनी पगार कळवला तेवढेच मोजायचे, आणि कमी पगाराचा माणूस कळवतो कशाला? व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ‘लॉ स्कूल ट्रान्सपरन्सी’ ही संस्था काढून या आकड्यांचा पिच्छा पुरवला. काही पदवीधर कोर्टात गेले. सॅन डिएगोमधला एक खटला 2016 मध्ये ज्युरीपुढे चालला आणि निकाल शाळेच्या बाजूने लागला. बहुतेक खटले पदवीधर हरले, पण लॉ स्कूलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेला शाळांनी माहिती देण्याचे नियम बदलावे लागले. आज प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला दरवर्षी नोकऱ्यांचा तपशीलवार तक्ता जाहीर करावा लागतो. त्यात पूर्णवेळ, दीर्घकालीन आणि बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) आवश्यक असलेल्या नोकऱ्यांची वेगळी नोंद असते. बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी ती पाहा.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः इथे आले, ती सांगते. विद्यार्थी घटले तेव्हा शाळांची इमारत तीच होती, प्राध्यापक तेच होते, खर्च तोच होता. जागा तर भरायच्या होत्या. शाळांनी दोन गोष्टी केल्या. एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत चांगला स्कोअर असणाऱ्यांना भरघोस स्कॉलरशिप दिली, कारण त्यांच्या गुणांमुळे शाळेचं क्रमवारीतलं स्थान टिकतं. आणि काही शाळांनी प्रवेशाची पात्रता खाली आणली. या दुसऱ्या गटाला सूट नाही, यांच्याकडून पूर्ण फी. म्हणजे ज्याला पुढे सर्वात चांगली नोकरी मिळण्याची शक्यता आहे तो कमी पैशांत शिकतो, आणि ज्याची बार परीक्षा पास होण्याचीही खात्री नाही तो कर्ज काढून पूर्ण पैसे भरतो. त्याच्या फीतून पहिल्याची सूट निघते. कमी स्कोअरवाल्यांमध्ये गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांतली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला गेलेली मुलं जास्त असतात. मी याला अन्याय म्हणते, आणि हा शब्द विचार करून वापरते आहे.

त्याचं पुढे काय झालं ते बघा. कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर लॉ स्कूलचे पहिल्यांदा परीक्षेला बसलेले विद्यार्थी जुलै 2016 च्या बार परीक्षेत फक्त 22 टक्के पास झाले. पुढच्या वर्षी शाळेने नवे प्रवेश बंद केले. नॉर्थ कॅरोलायनातली शार्लट स्कूल ऑफ लॉ ही नफ्यासाठी चालवलेली शाळा होती. डिसेंबर 2016 मध्ये सरकारने तिचं विद्यार्थी-कर्ज थांबवलं आणि 2017 मध्ये ती बंद पडली. इंडियाना टेकने तर घसरण चालू असताना, 2013 मध्ये, नवी लॉ स्कूल उघडली आणि चार वर्षांत गुंडाळली. शाळा बंद पडते, कर्ज मात्र मागे राहतं. काही वेळा ते माफ होतं, पण वर्ष कोण परत देणार? आणि हे कर्ज दिवाळखोरीतही सहज सुटत नाही.

मग पगाराचं काय? इथे ‘सरासरी’ हा आकडा अतिशय फसवा आहे. नव्या वकिलांच्या पगाराचा आलेख काढला तर त्यात दोन टेकड्या दिसतात. एक 60 ते 90 हजारांच्या आसपास, तिथे खूप गर्दी. दुसरी उजवीकडे, एकदम टोकाला, मोठ्या फर्मची, 2 लाख 25 हजारांवर. मधल्या दरीत फार थोडे. सरासरी त्या दरीत पडते आणि तो पगार जवळपास कुणालाच मिळत नाही. उजव्या टेकडीवर पोचणारे मुख्यतः वरच्या मोजक्या शाळांतले किंवा इतर शाळांत वर्गात पहिले आलेले असतात.

2 लाख कर्ज धरा, 8 टक्के व्याज धरा. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 2,400 डॉलर. वर्षाला 70 हजार पगार असेल तर कर जाऊन महिन्याला हातात साडेचार हजारांच्या आसपास येतात. अर्ध्याहून जास्त हप्त्यात. या राज्यात घरभाडं किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

2013 मध्ये मायकेल सिम्कोविच आणि फ्रँक मॅकिन्टायर यांनी एक अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की कायद्याच्या पदवीमुळे आयुष्यभरात सरासरी दहा लाख डॉलर जास्त मिळकत होते. तो अभ्यास मी गंभीरपणे घेते. वकिलीत पहिल्या वर्षाचा पगार म्हणजे सगळं नाही, अनुभवाबरोबर मिळकत वाढते. पण त्यांच्या आकडेवारीत स्वस्तात शिकलेली जुनी पिढीही आहे, आणि तुमच्या मुलीला सरासरी आयुष्य मिळणार नाही, तिचं स्वतःचं मिळणार आहे. म्हणून माझा आडाखा सरळ आहे: एकूण कर्ज हे त्या शाळेतून प्रत्यक्षात मिळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको. या हिशेबात आपल्या राज्यातली चांगली सरकारी शाळा निम्म्या फीवर बसते, आणि नाव मोठं असलेली खाजगी शाळा पूर्ण फीवर बऱ्याचदा बसत नाही.

स्कॉलरशिपबद्दल दोन गोष्टी. पत्रात अट आहे का ते वाचा. काही शाळा म्हणतात, अमुक ग्रेड राखली तर पुढच्या वर्षी पैसे मिळतील. कॉलेजात सतत ‘ए’ मिळवणाऱ्या मुलाला ती अट किरकोळ वाटते. पण लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षी गुण वर्गातल्या स्पर्धेवर ठरतात, किती जणांना किती ग्रेड द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. अट पाळणं सगळ्यांना शक्यच नसतं. किती जणांची स्कॉलरशिप गेली हेही शाळेला आता जाहीर करावं लागतं. दुसरी गोष्ट, मागा. दुसऱ्या शाळेने जास्त दिलं असेल तर नम्रपणे तसं लिहा. शिक्षणात कसला भाव करायचा, असा संकोच आपल्या लोकांना वाटतो. विद्यार्थी घटल्यापासून शाळा स्वतः हा भाव करत आल्या आहेत, विचारणाऱ्यालाच जास्त मिळतं.

पब्लिक डिफेंडर, म्हणजे गरीब आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणारा वकील, किंवा सरकारी वकील व्हायचंय अशी मुलं इथे असतील, तर माझ्या मनात त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. 2007 च्या कायद्याने सार्वजनिक सेवेत 120 हप्ते भरल्यावर उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं. सुरुवातीला या योजनेतले जवळजवळ सगळे अर्ज नाकारले गेले, नंतर सुधारणा झाली. नोकरी पात्र आहे याचा दाखला दरवर्षी भरत जा, दहा वर्षं थांबू नका.

आणि पुण्या-मुंबईहून भाचे-पुतणे एक वर्षाच्या एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, येतात, त्यांनाही कळवा. जेडीचे, म्हणजे इथल्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीचे, विद्यार्थी घटल्यावर अनेक शाळांनी असे अभ्यासक्रम वाढवले. न्यूयॉर्कची बार परीक्षा काही अटींवर देता येते, हे खरं. पण मोठ्या फर्मची भरती मुख्यतः जेडीवाल्यांतूनच होते, आणि नोकऱ्यांचा जो तक्ता मी सांगितला, तो एलएलएमसाठी शाळांना द्यावाच लागत नाही. शाळेला लेखी विचारा. उत्तर मोघम आलं तर त्याचा अर्थ घ्या.

शेवटचं, आणि हे पालकांसाठी. 2025 च्या कायद्याने ग्रॅड प्लस बंद होत आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना वकिलीसारख्या शिक्षणासाठी वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज मिळेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासारख्या ठिकाणी नुसती ट्यूशन 80 हजारांच्या वर आहे. वरचा फरक खाजगी बँकेकडून घ्यावा लागेल. त्या कर्जाला ना सार्वजनिक सेवेची माफी, ना पगाराच्या प्रमाणात हप्ता. मुलाच्या नावावर पत नसते, म्हणून बँक बहुधा सहकर्जदार मागेल, आणि त्या रेघेवर सही तुमची असेल. ती करण्याआधी त्या शाळेचा नोकऱ्यांचा तक्ता मुलासोबत बसून वाचा. आता प्रश्न घेते.